पार्बताबाईचा डबा

माझ्या नवऱ्यानं कापसाच्या जिनातली फिटरची नोकरी सोडली आणि भंगारातली एक मोटारगाडी घरापुढे आणून उभी केली. मी कपाळावर हात मारून घेतला. गाडीला मागचं दार नव्हतं, टपाला भोकं होती, आणि मोतीराम मात्र नवरदेवासारखा हसत होता.

"सुंदरा, याच्यावर चक्की बसवतो," तो म्हणाला. "गावोगाव जाऊन दळन देऊ."

अकोल्यात गिरण्या झाल्या होत्या, पण खेड्यातल्या बाया अजून पहाटे उठून जात्याशी झुंजत होत्या. मीही झुंजले होते, म्हणून त्याला अडवलं नाही. उन्हाळाभर खपून त्यानं गाडीत इंजिन बसवलं, दगड बसवले, पट्टा चढवला. माझ्या पाटल्या त्यातच गेल्या. गाडी चालली नाही तर खायचे वांधे होते.

पहिलं गाव बार्शीटाकळीच्या पुढचं निवडलं. त्याचं नाव घेत नाही. अजून तिथं माझी गिऱ्हाइकं आहेत. बाजाराच्या दिवशी पारापाशी गाडी लावली. इंजिनाचा आवाज ऐकून बाया धावत आल्या. सगळ्यांत पुढे पार्बताबाई, गावातले मोठे शेतकरी किसनराव यांची बायको, कमरेवर गव्हाची टोपली घेऊन.

दळणाचा एक नियम मी ओरडून ओरडून सांगत होते. आधीच्या गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ दगडात राहतं आणि ते मागून येणाऱ्याच्या दळणात उतरतं. म्हणून गहूवाल्या एकीकडे, ज्वारीवाल्या दुसरीकडे. त्यावरूनही दोघीतिघींची जुंपली.

पार्बताबाईचं पीठ पडू लागलं तसं तिनं ते तळहातावर घेतलं. "बाप्पा! इतक्या लौकर?" तिला हसू आवरेना. लगेच तिनं घरून नारळ मागवला. नव्या चक्कीला पहिल्या दिवशी नारळ हवाच, आणि हे परगावचे विसरले असतील, असं तिला वाटलं. त्या घटकेपर्यंत बाई मनानं चांगलीच होती.

"घ्या भाऊ, फोडा."

मोतीरामनं हात पुसले. "आमी नाही फोडत, बाई. आमी दीक्षा घेतली हाये."

एवढंच. पुढं काही सांगावं लागलं नाही. दीक्षा कोणी घेतली हे छप्पन सालापासून साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक होतं. पार्बताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं, आणि टोपली उपडी केली. ऊन ऊन पीठ धुळीत पडलं. शेतकऱ्याच्या घरची बाई आपल्या हातानं पीठ मातीत ओतते, हे माझ्या डोळ्यांना खरंच वाटेना. बाकीच्या बायांनी आपापलं धान्य उचललं. मी तोंड उघडणार तोच मोतीरामनं माझं मनगट धरलं. "चाल," म्हणाला.

पुढच्या बाजाराला मी येत नाही म्हणत होते. पण घरात बसून पाटल्या परत येणार नव्हत्या. या वेळी गाडी पार सोडून आमच्या लोकांच्या वस्तीपाशी लावली. तिथं माणिकबाई आली. ही किसनरावांच्याच शेतात मजुरीला जाणारी. तिच्या हातात लख्ख पितळी डबा आणि डब्यात बन्सी गहू. रोज ज्वारीची भाकर खाणारी ही बाई असला गहू आणणार कुठून?

"कोनाचा व हा?"

"माहाच," ती खाली पाहत म्हणाली.

मी चौथी शिकलेली. डब्याच्या झाकणावर नाव घातलेलं होतं: चि. पार्बता हीस आईकडून.

चारचौघांत माझं पीठ धुळीत, आणि मागच्या दारानं माणिकबाईच्या हाती तेच पीठ घरात! मी गहू दळला, डबा भरला आणि डोक्यावर घेऊन निघाले.

"सुंदरा, धंदा बुडवशीन," मोतीराम ओरडला.

"बुडू द्या."

किसनराव ओट्यावर चार माणसांत बसले होते. मी पायरीवर डबा ठेवला आणि दाराशी आलेल्या पार्बताबाईला म्हटलं, "बाई, तुमचं दळन."

किसनरावांनी डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तुहा डबा हाये का हा?"

तिनं डब्याकडे पाहिलंच नाही. "नाही. माहा नाही."

"याच्यावर तर तुमचं नाव हाये," मी म्हटलं. "तुमच्या मायनं देल्ला हाये."

"माह्या मायनं मले काहीच नाही देल्लं."

मी तिची अब्रू काढायला गेले होते. जिवंत बाई आपल्या आईचं देणं असं तोंडावर नाकारते? मी डबा उचलला आणि परत आले. वाटेत मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तो डबा रिकामा करून मी चिंचेनं घासून ठेवला. पुढच्या बाजाराला गाडी मुद्दाम पारापाशीच लावली आणि डबा दर्शनी ठेवला. वस्तीतल्या बाया आल्या, माणिकबाई ज्वारी घेऊन आली. दुसरं कोणी फिरकेना. मोतीराम पारावरच्या माणसांकडे पाहत होता. आज इथं नाही चाललं तर शेजारच्या गावांतही चालणार नाही, हे त्याला दिसत होतं.

आणि भरबाजारातून पार्बताबाई आली. डोक्यावर पदर, कमरेवर गव्हाची टोपली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मोतीरामच्या हातातून तेलाची बुधली पडली.

"माहा डबा दे," ती मला म्हणाली.

"तुमचा नाही म्हने ना?"

"माहाच हाये. माह्या मायनं देल्ला." हे ती माझ्याशी बोललीच नाही, पाराकडे तोंड करून बोलली. "अन् त्याच्यातच दळन दे."

"मंग नंबर लावा. माणिकबाईच्या मागं."

माणिकबाई घाबरून बाजूला सरकली. मी तिला दंडाला धरून जागेवर आणलं. पार्बताबाई तिच्या मागे उभी राहिली. माणिकबाईची ज्वारी दळून झाली.

"बाई, हिची ज्वारी दगडात राह्यली हाये थोडी," मी म्हटलं. "तुमच्या गव्हात उतरते ते."

पार्बताबाईनं टोपली उचलली आणि गहू आपल्याच हातानं चक्कीत ओतला.

"उतरू दे," ती म्हणाली.