दुबईहून तीन तास

"तीन तास म्हंजे नक्की किती लांब रं, प्रभाकर?" गोमाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन हजार किलोमीटरच्या आसपास, काका. पण विमान आहे ना. चंदूच म्हणाला, सकाळी दहाचं विमान, तीन तासांत मुंबई, साडेतीनला घरी."

प्रभाकर शेजारचा, कोलशेतच्या एका कारखान्यात कारकून. काल संध्याकाळी गोमाजीची बायको मनुबाई गेली, तेव्हा टेंभी नाक्यावरच्या बूथवरून दुबईला तिच्या मुलाला, चंदूला, फोन त्यानेच लावला होता. गोमाजीने बोटांवर मोजलं. दहा, अकरा, बारा, एक. सामानाची तपासणी, टॅक्सी. साडेतीनला पोरगा दारात.

चाळीस वर्षं खाडीत होडी घातलेला माणूस. भरती-ओहोटी त्याला पंचांग न बघता कळे. भिंतीवरचं घड्याळ मात्र मनुबाई त्याच्याआधी वाचायला शिकली होती, आणि त्याचा त्याला जरा रागच होता. आठ वर्षांत चंदू दोनदा आला. तिसऱ्यांदा येईपर्यंत आपण राहत नाही हे तिने ओळखलं असावं. "आग चंदूच देल मना," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि गोमाजीने तिला शब्द दिला होता.

साडेतीन वाजले. रस्त्यावर टॅक्सी नव्हती. चार वाजले. मे महिन्याचं ऊन, बर्फाची लादी निम्मी विरघळलेली. मसणवटीची वाट खाडीच्या काठाने होती, पाचच्या सुमारास ती भरतीखाली जायची. मग रात्रच. आणि दिवस बुडाल्यावर बाईला न्यायला कुणाचं मन घेईना.

"काका, विमान चुकलं असेल," प्रभाकर खालच्या आवाजात म्हणाला. "आता उद्याच."

गोमाजीने बायकोच्या हिरव्या चुड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "उचला."

अग्नी त्यानेच दिला.

चिता चांगली पेटली होती, तेव्हा पाण्यातून कुणी धावत येताना दिसलं. गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, बूट हातात. चंदू. जाळ दिसला तसा तो जागीच थांबला.

"बाबा, थांबला नाय? साडेतीनला येतो बोललेलो ना!" त्याने मनगट पुढे केलं. घड्याळात बरोबर साडेतीन वाजले होते.

प्रभाकरने वाकून घड्याळ पाहिलं, ते अजून दुबईच्याच वेळेवर होतं. "तिकडचे दहा म्हणजे आपले साडेअकरा," तो पुटपुटला. "काका, माझ्या ध्यानातच आलं नाही. दीड तास... आपण अजून थोडं..."

"गप रं." गोमाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू फोन केलास म्हनून तरी तो आयला."

चंदू वाळूत बसून लहान मुलासारखा रडत होता. गोमाजीने त्याला उठवलं नाही. बाजूच्या ढिगातलं एक सुकं लाकूड निवडलं, त्यावरची माती धोतराने पुसली आणि त्याच्या हातात दिलं.

"अजून आग हाय, बाला. ठेव."

चंदूने लाकूड ठेवलं. ते पेट घेईपर्यंत दोघं उभे राहिले. पाणी वाट झाकत वर चढत होतं. गोमाजी चितेकडे जरा वाकला.

"आयला गो तुझा चंदू," तो हळूच म्हणाला.