पूर्ण झालेल्या तीन भेटी

मथुराने आप्पांच्या पायाची पट्टी सोडायला घेतली आणि पहिल्याच वेढ्याला तिचा हात थांबला. चिकटपट्टीचं टोक आत मुडपलेलं होतं. सोडताना नखाने उकरावं लागू नये म्हणून टोक असं मुडपायची सवय तिची एकटीची. म्हणजे शुक्रवारी तिने बांधलेली पट्टी मंगळवारी तशीच होती.

शेवटचा वेढा सुटला तसा वास आला. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं.

"आप्पा, माझ्या बदली दमयंती आली नाही?"

"कोण दमयंती? तू रजेवर गेलीस, त्यानंतर कोणी नाही गो आलं. म्हटलं, येशीलच तू."

मथुराचं डोकं सणकलं. ज्यांची मुलं मुंबईला आहेत अशा म्हाताऱ्यांच्या घरी नर्स पाठवणारी रत्नागिरीतली एक संस्था, तिच्याकडे ती नोकरीला होती. वेळणेश्वर भागातली आठ घरं तिची. आप्पांना मधुमेह, पट्टी रोज बदलली नाही तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन महिने जपून जपून तिने जखम भरत आणली होती. भावाच्या लग्नासाठी तीन दिवसांची रजा घेतली, तीही आठ दिवस आधी सांगून. तिने सकाळीच फोनवर उतरलेली संस्थेची भेटींची यादी उघडून मागचे दिवस पाहिले. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवस आप्पांच्या नावापुढे हिरवी खूण होती. भेट पूर्ण.

जखम धुऊन तिने नवी पट्टी बांधली आणि स्कूटर काढून ती गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर आली. खाली गावात रेंजचं नाव नाही. सड्यावरच्या वळणावर तेवढी मिळते. आप्पांना चिपळूणला न्यायला तिने रघूची रिक्षा सांगितली, आप्पांच्या मुलाला, सलिलला, बोट काळं पडल्याचा मेसेज टाकला आणि मग ऑफिसात विनोदला फोन लावला. नर्सची कामं तोच बघायचा.

"दमयंतीने न जाता खूण केलीच कशी? लाज नाही वाटली तिला?"

"दमयंतीने नाही केली, मथुराताई. ती निघायची तेव्हा तुमची आठही घरं पूर्ण दिसायची. मग ती कशाला जाईल?"

"मग केली कोणी?"

"एजंटने. बॅचमध्ये झाली."

रत्नागिरीत एजंट म्हटला की जमिनीचा, नाहीतर विम्याचा. हा एआयचा होता. दिवाळीपासून ऑफिसात त्याचंच कौतुक चाललं होतं. तो कामं वाटायचा, कोणाची रजा आली की बदली माणूस नेमायचा आणि सारख्या दिसणाऱ्या कामांची मोट बांधून ती एका फटक्यात निकालात काढायचा.

"म्हणजे घरात डोकावायचं नाही, माणूस जिवंत आहे का बघायचं नाही, आणि बसल्या जागी आठ घरं उरकायची? हे असलं शिकवलं कोणी त्या मेल्याला?"

विनोदने समोरच्या नोंदी उघडल्या.

"तो जुन्या नोंदी बघतो, ताई. वर्षभर रोज सव्वानऊला तुमच्या फोनवरून आठही भेटी पूर्ण झाल्यात. एकेक करून नाही, सगळ्या निवडून एकदम. शुक्रवारी संध्याकाळी त्याने विचारलं, या भागाचं हे मीच करत जाऊ का. मी हो म्हटलं. वाटलं, तुमचा वेळ वाचेल."

सव्वानऊला मथुरा रोज याच वळणावर असायची. खाली उतरलं की रेंज जायची, परतायची ती खाडीकडच्या रस्त्याने, तिथेही तीच गत, आणि संध्याकाळी सहानंतरची नोंद यादी घेत नसे. म्हणून उतरायच्या आधीच आठही नावं निवडून ती खूण करून टाकायची. खालच्या गावांत जाणाऱ्या सगळ्याच जणी असं करत. त्यात लबाडी नव्हती. खूण केलेलं एकही घर तिने वर्षभरात चुकवलं नव्हतं, अंगात ताप असतानासुद्धा. तिच्या लेखी ती खूण म्हणजे 'जाते' असा दिलेला शब्द होता. यंत्राने 'गेली' असं धरलं. आज सकाळी यादी आपोआप हिरवी झालेली पाहून तिला बरंच वाटलं होतं.

"हो म्हणण्याआधी मला एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही आधीच खूण करता, हे तुम्हीही कधी बोलला नव्हतात," विनोद हळूच म्हणाला. "दमयंतीला बाकीच्या सात घरी आत्ताच पाठवतो."

मथुराने फोन बंद केला. कोणावर ओरडावं ते तिला कळेना.

रघूच्या रिक्षातून आप्पांना घेऊन ती पुन्हा सड्यावर आली, तसा आप्पांचा फोन वाजला. सलिलचा आवाज इतका चढला होता की तिलाही ऐकू येत होता.

"रोज संस्थेचा मेसेज येत होता मला, पट्टी बदलली म्हणून. मग बोट काळं कसं पडलं? आप्पा, खरं सांगा. येत होतं का कोणी?"

आप्पांनी मथुराकडे पाहिलं नाही.

"येत होती रे मथुरा. रोज येत होती. मीच शेजारचा खरवस खाल्ला दोन दिवस, तुम्हाला न सांगता."

मथुराने हात पुढे केला. आप्पांनी फोनवर तळवा दाबून धरला.

"गप बस गो. नोकरी जाईल तुझी."

एवढा राग तिला दिवसभरात यंत्राचा आला नव्हता, विनोदचाही नव्हता.

"तुम्हीसुद्धा, आप्पा? मी आले नाही, तरी तुम्हीसुद्धा माझी खूण करता?"

आप्पा ओशाळले. त्यांच्या हातातून तिने फोन काढून घेतला.

"सलिलदादा, मथुरा बोलते. तीन दिवस कोणी आलं नाही. का आलं नाही ते सगळं सांगते. पहिली चूक माझी आहे, ती आधी ऐका."