बाबांचं ओके

बाबांची वाचा गेली, तेव्हा एकच शब्द मागे राहिला. ओके. पंख्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. फिरत्या पंख्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि मनासारखा वाटला तरच "ओके" म्हणून शिक्का मारायचा. मेंदूला झटका आला आणि घरातले सगळे शब्द, अगदी लेकीचं नावसुद्धा, गेले. कारखान्यातला हा पठ्ठ्या तेवढा तग धरून राहिला.

थोरल्या लेकीने आधी ते हसण्यावारी नेलं. चहा गार असला की "ओके!", म्हणजे शिवीच. उशी सरळ केली की लांबवलेलं "ओकेऽऽ". लघवीला जायचं असलं की घाईघाईत तीनदा. आणि तिचा धाकटा भाऊ फोनवर दिसला की इतकं हळू, की तिला कान जवळ न्यावा लागायचा. माणसाच्या अख्ख्या संसाराला एक परका शब्द पुरतो, हे बघून ती थक्क व्हायची.

डॉक्टर थक्क वगैरे झाले नाहीत. "ती नुसती सवय आहे. आत काही कळत असेलच असं नाही," म्हणाले. धाकट्याने तेच धरून ठेवलं.

"ताई, सोमवारी त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू. मी विचारलंय त्यांना. ओके म्हणाले."

आता यावर कपाळाला हात लावण्याखेरीज काय करणार?

शनिवारी तिने दुरुस्तीला दिलेला टेबलफॅन आणून बाबांपुढे लावला. वारा छान येत होता. बाबांनी आपला चालता हात मोटरच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"ओके ना, बाबा?"

बाबा गप्प.

तिने पुन्हा विचारलं. ओठ घट्ट मिटलेले. भुकेला तोच शब्द, रागालाही तोच, दुसरा जवळ नाहीच. आणि तोही हा माणूस गिळून बसला होता.

तिने पंखा बंद करून मागचं झाकण उघडलं. आत एक स्क्रू ढिला होता. तो आवळून तिने पंखा पुन्हा लावला. पुन्हा तळहात, पुन्हा मिटलेले डोळे.

"ओके," बाबा ठणठणीत म्हणाले.

नुसती सवय म्हणे! ती तिथेच फरशीवर बसून पोटभर रडली आणि रडतरडतच तिने धाकट्याला फोन लावला.

"सोमवारी भेटायला ये, न्यायला नको. त्यांना सगळं कळतं."

"अगं, पण तुला एकटीला झेपेल का?"

तेवढ्यात तिच्या पाठीवर हात आला. सपाट तळहात, पसरलेली बोटं. तिने वळून पाहिलं तर बाबांनी डोळे मिटले होते. ती श्वास रोखून बसली. सहा महिन्यांची जागरणं, चिडचिड, एकदा त्यांच्यावर ओरडली होती तेही, सगळं आता त्या हाताला कळणार होतं. बाबा बराच वेळ ऐकत राहिले.

"ओके," ते म्हणाले.

"सोमवारी येतो. भेटायला," फोनवर धाकटा म्हणाला.