नाव न सांगणारा सरदार

यशोवर्धनाचं वागणं सकवारबाईंना पटेनासं झालं होतं, आणि न पटलेली गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. वीस वर्षांचा घोडा आजीची भाषा सुधारायला निघाला होता. म्हणे अज्जी नाही, आजी म्हणायचं. सरी नाही, बरं म्हणायचं. थोडं म्हणायला कानडीतला स्वल्प हा शब्द तर घरात आणायचाच नाही. समोरच्या किराणा दुकानातल्या नागनाथला बोबडं बोलायचा तेव्हापासून अण्णा म्हणणारा हा पोरगा, आता त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवत होता. माझं काही चुकलं का अक्का, असं नागनाथनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सकवारबाईंनी विषय बदलला, आणि हे त्यांना फारच लागलं.

चामराजपेटेत खाली शिवणाचं दुकान, वर घर. घराणं शहाजीराजांच्या घोड्यांमागोमाग कानडी मुलुखातल्या या गावात आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. घरात मराठी, रस्त्यात कन्नड, आणि जिन्यात दोन्हींची खिचडी. सकवारबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. पण शाळांचे गणवेश बेतत त्यांनी चाळीस वर्षं दुकान ओढलं होतं. कापड चिमटीत धरलं की पहिल्या धुण्यात किती आटेल ते त्या सांगत. माणसाचंही तसंच कळतं, असा त्यांचा दावा होता. नातवाच्या बाबतीत मात्र चिमटी फसली.

पोरगा दिवसभर फोनवर बंदुकांचा खेळ खेळायचा. सून हेमलता इंदिरानगरच्या ऑफिसातून दमून यायची आणि म्हणायची, घरात तर असतो ना, बाहेर उंडारत नाही. सकवारबाईंनाही ते खरं वाटलं होतं. घराला दार असतं तसं फोनलाही असतं, आणि त्यातून कोणीही आत येतं, हे त्यांना मागाहून कळलं.

आत आला होता तो खेळातल्या टोळीचा म्होरक्या. खेळणारी सगळी पोरं त्याला सरदार म्हणत. त्यानं यशोवर्धनाला आधी भारी बंदुका दिल्या. पोरगा डाव हरला तरी तो हसला नाही. कॉलेजात कुणी न विचारणाऱ्या पोराला तो वाघ म्हणाला. मग दोन डावांच्या मध्ये गोष्टी सुरू झाल्या. आपलं कोण, परकं कोण. कन्नड बोलणारा तुला कधी जवळ करणार नाही, शब्द शुद्ध ठेव, रक्त आपोआप शुद्ध राहील. कानडी मुलुखात कानडी माणूस परका, हे ऐकून म्हशीलाही हसू आलं असतं. पण पोराला हसू आलं नाही, कारण ते सांगणारा त्याला वाघ म्हणत होता.

आणि मग परीक्षा लागली. गल्लीतल्या परक्यांची यादी करायची. नाव, दुकान, घरात एकटं कोण, किती वाजता. फोनमध्ये काही ठेवायचं नाही. कागदावर लिहायचं आणि वाचून दाखवायचं.

रविवारी दुपारी सकवारबाई त्याला जेवायला बोलवायला वर गेल्या, तेव्हा तो वाचतच होता. हेडफोन चार्जिंगला लावलेला, फोनचा आवाज मोकळा. नागनाथ, किराणा, दोन ते चार एकटाच असतो, एवढं त्यांच्या कानावर पडलं. दुकानाचं काही काम असेल, असं त्यांना वाटलं. जन्मभर म्हणत आल्या तसं त्या म्हणाल्या, "यशू, स्वल्प थांब, आधी जेवून घे."

फोनमधून आवाज आला. "वाघा, तुझ्या घरात ही कानडी बाई कोण?"

यशोवर्धनानं आजीकडे पाहिलं. मग कागदाकडे.

"कामवाली आहे," तो म्हणाला.

कागदाच्या माथ्यावर परक्यांची यादी असं लिहिलेलं दिसत होतं. सकवारबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. पोरानं तो धरून ठेवला नाही.

"मी सकवारबाई. हा माझा नातू. तुझ्या यादीत माझं नाव सगळ्यात वर लिही. आता तुझं सांग."

"आजीबाई, हा तुमचा विषय नाही. आम्ही तुमच्यासाठीच लढतोय."

"मला विचारलंस कधी? नाव सांग. गाव सांग."

"सरदार म्हणतात मला."

"ते ही पोरं म्हणतात. आईनं काय ठेवलं?"

पलीकडे टोळीतलं कुणीतरी फिसकन हसलं, आणि फोन मुका झाला. पडद्यावर यशोवर्धनाचा शिपाई मोकळ्या माळावर एकटाच उभा होता. त्याला टोळीतून काढलं होतं.

माझे सगळे मित्र तिथे होते, तुझ्यामुळे गेलं सगळं, असं काहीबाही पोरगा बोलला. सकवारबाई रागावल्या नाहीत, आणि त्यालाच तो जास्त घाबरला. किती नावं वाचलीस, एवढंच त्यांनी विचारलं. तीन. नागनाथ, बटणवाला रणजीत, आणि कोपऱ्यावर एकटी राहणारी कस्तुरी टीचर. यादीचं ते काय करतात? माहीत नाही, म्हणाला. मग म्हणाला, थोडं माहीत आहे. दुसऱ्या गावातल्या एका पोरानं अशीच यादी दिली होती. आठ दिवसांत एका बेकरीवर दगड पडले. तो पोरगा कोठडीत आहे, आणि सरदारानं त्याचं नाव पुन्हा घेतलेलं नाही.

सकवारबाईंनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"कामवाली म्हणालास त्याचा मला राग नाही. जन्मभर कामच केलंय, त्यावरच तू एवढा झालास. पण स्वतःचं नाव सांगायची ज्याला हिंमत नाही, त्याला तू शेजाऱ्यांची नावं दिलीस. नागनाथनं तुला तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, आणि तू त्याची एकटं असायची वेळ सांगून मोकळा झालास. तू वाघबीघ कुणी नाहीस यशोवर्धना, तू भित्रा आहेस. आत्ता खाली उतर. तिन्ही दारांत जायचं आणि काय केलंस ते सांगायचं. मी मागे उभी राहीन, पण तोंड तू उघडायचं. ते मारतील तर मार खा. पोलिसांत चल म्हणतील तर रिक्षा मी थांबवते. ते तिघं ज्या दिवशी तुला आपला म्हणतील, त्या दिवशी मी म्हणेन. त्याआधी नाही."