यांत्रिक कुरकुर

"हा खोकला कुणाचा, काका?" बाईंनी यंत्र थांबवून विचारलं.

"गिटारवाल्याचा. दर गाण्याआधी पोटभर खोकून घ्यायचा, म्हणजे मधे खोकला यायला नको."

बाईंनी तेही लिहून घेतलं. खोकल्याचीसुद्धा नोंद होते म्हटल्यावर ठोक्याला हसूच आलं. ध्वनिसंग्रहालयाच्या त्या खोलीत तो आठवडाभर येऊन बसत होता. भिंतीला लागून फितींचे खोके रचलेले होते. बँडमधला ऑर्गनवाला मागच्या हिवाळ्यात गेला, आणि त्याच्या सुनेने माळा रिकामा करताना हे खोके भंगारात घालायच्या ऐवजी इथे पाठवून दिले. आता एकेक फीत लावून तिचा प्रकार, साल, बँडच्या पहिल्या फळीने वाजवली की वादक बदलल्यानंतरच्या दुसऱ्या, वादक कोण आणि फितीत दोष काय, हे सगळं ठरवायचं काम या तरुण बाईंकडे होतं. सांगायला माणूस एकच उरला होता.

ठोक्या हे नाव बँडनेच ठेवलेलं. ड्रमवर ठोके देणारा तो ठोक्या. पुढे पाणीखात्यात घरोघरचे मीटर तपासायची नोकरी त्याने केली, तिथे तो साहेब झाला. घरी 'अहो' झाला. ठोक्या म्हणून हाक मारणारे एकेक करून गेले, तसं ते नावही गेलं होतं. इथे खोक्यांवर ऑर्गनवाल्याच्या तिरप्या अक्षरात ते पुन्हा दिसलं तेव्हा त्याला गलबलून आलं.

"प्रकारात काय लिहिलंत आम्हाला?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"प्रोग्रेसिव्ह रॉक."

"लोक आम्हाला लांबणवाले म्हणायचे. ऑर्गनची सुरुवात ऐकून माणसं बाहेर जायची, चहा पिऊन परत यायची, तरी ह्याची सुरुवात चालूच."

बाई हसल्या होत्या, पण लिहिलं त्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉकच.

आज खोक्यांच्या तळाशी एकच मोठी फीत राहिली होती. बँडचं ज्याच्यामुळे नाव झालं ती लांब रचना. ठोक्याने खोका बघितला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"ह्याचं मला विचारू नका. दुसऱ्या फळीचं काम आहे ते. मी नव्हतो."

"रेकॉर्डच्या वेष्टनावर ड्रमर म्हणून दुसरंच नाव आहे, माहितीये मला. पण सुरुवातीच्या तालमी तुम्हीच केल्या असतील ना?"

"तालमी केल्या. रेकॉर्डिंगलासुद्धा होतो एक दिवस." तो जरा थांबला. सांगायचं नाही असं ठरवलेलं होतं, पण आठवडाभर सगळं सांगत सुटलेल्या माणसाला मधेच गप्प बसणं जमेना. "सात मात्रांचा तुकडा आहे मधे. मी एकदा चुकलो, दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा नीट झालं असं मला वाटलं. ऑर्गनवाला काचेमागून म्हणाला, राहू दे, उद्या पाहुण्याकडून वाजवून घेऊ. पाहुणा म्हणजे दुसरा ड्रमर. आधीच बोलावून ठेवला होता त्याने! बाहेर पॅसेजमध्ये त्याचे कोरे करकरीत ड्रम खोळीसकट उभे होते. मी काड्या आणि माझं पेडल उचललं आणि घरी आलो. त्या दिवसापासून ही रेकॉर्ड मी ऐकलेली नाही. एखाद्या दुकानात लागली तर घ्यायचं सोडून बाहेर पडायचो."

बाईंनी हेडफोन त्याच्यापुढे सरकवले. मग म्हणाल्या, "तेवढा सातचा तुकडा ऐका. फक्त सांगा, वाजवणारा एकच आहे की दोन. नाहीतर नोंद अर्धवट राहील."

नाही म्हणायचं तर त्यांचं काम अडत होतं. त्याने हेडफोन चढवले.

तुकडा स्वच्छ होता. ऑर्गन वर वर चढत होता आणि खाली ड्रम त्याला जराही धक्का न लावता सात-सातची पावलं टाकत होता. ठोक्या डोळे मिटून ऐकत राहिला. इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्यात खोट काढायला तो टपून बसला होता. खोट सापडेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"एकच माणूस आहे," हेडफोन काढत तो म्हणाला. "आणि छान वाजवलंय. खरं सांगायचं तर माझ्याच्याने असं झालं नसतं. ऑर्गनवाल्याचं बरोबर होतं."

"ही साफ केलेली प्रत आहे," बाई उत्साहाने म्हणाल्या. "आमच्या तंत्रज्ञाने फार मेहनत घेतली हो. मूळ फितीत एक घाण आवाज होता, सगळीकडे भरलेला. दोषांच्या रकान्यात लिहिलंय मी, यांत्रिक कुरकुर. मूळ ऐकवते, म्हणजे फरक कळेल."

त्यांनी दुसरी फीत लावली. तोच ऑर्गन, तेच ठोके. आणि प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या मागोमाग, पाय उचलताना, एक बारीक, चिरका आवाज. कुंई. कुंई.

ठोक्याचा चेहरा असा झाला की बाई घाबरून पाणी आणायला उठल्या.

"पाणी नको," तो म्हणाला. "परत लावा."

परत लावलं. मग आणखी एकदा.

"पोरी, ही माझी कुरकुर आहे." त्याने पायाने फरशी दाबून दाखवली. "मोठा ड्रम पायाने वाजवतात ना, त्या माझ्या पेडलची स्प्रिंग. पाय दाबला की गप्प, उचलला की रडायची. पाहुण्याचं सामान नवं होतं, ते कशाला कुरकुरेल? हा मी आहे. हा तिसऱ्यांदा वाजवलेला मी आहे!"

त्याला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा झाला. तो पुरता अंगात भिनायच्या आत त्याला आठवलं की काड्या त्याने त्याच दिवशी माळ्यावर टाकल्या होत्या आणि पुन्हा कधी काढल्या नव्हत्या.

बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "काका, माझा विश्वास आहे. पण छापील नाव बदलायचं तर ओळख दुसऱ्या कुणीतरी पटवावी लागते. स्वतःची स्वतः पटवलेली चालत नाही. तेव्हा तुम्हाला ऐकलेलं कुणी आहे?"

"ऐकलेलं..." त्याने विचार केला. "बायको आहे. पण तिने माझे ड्रम कधी ऐकलेच नाहीत. कार्यक्रमाला आली नाही कधी. घरी सराव करायचो तर शेजारी ओरडायचे, म्हणून ड्रमच्या तोंडाला उशी बांधायचो. तिला बिचारीला रात्रभर ऐकू यायची ती फक्त..."

बाई हसल्या. "घेऊन या त्यांना."

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हणजे तो तेच सांगायला आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"ऑर्गनवाला. रेकॉर्ड यायच्या आधी नव्हता का आला? तुम्ही मोरीत जाऊन नळ सोडलात, त्याचं बोलणं ऐकायला नको म्हणून. मला म्हणालात, घरी नाही म्हणून सांग."

"काय म्हणाला होता तो?"

"तेव्हाच सांगितलं होतं मी तुम्हाला. म्हणाला, त्याला म्हणावं पेडलला तेल घालू नकोस. एवढंच. आणि हसला."

ठोक्या खुर्चीवर बसला. हा निरोप त्याला मिळाला होता, अक्षर न् अक्षर मिळाला होता. दारात येऊन आपल्या मोडक्या पेडलची चेष्टा करून गेला, असंच त्याने धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पेडल त्याने भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

"तेल घालू नकोस," तो म्हणाला. "पाहुण्याचं टाकून त्याने माझंच ठेवलं होतं. त्याला ती कुरकुर हवी होती. तशीच, पुढच्या कार्यक्रमांना. मला परत बोलवायला आला होता गं तो."

"मलाही चेष्टाच वाटली."

"मग सरळ सांगायचं ना! वेष्टनावर आधीच पाहुण्याचं नाव छापून बसला, आणि माझ्या दाराशी कोडी घालतोय. दुसऱ्यांदा यायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्हाला पहिल्यांदा दार उघडायला काय झालं होतं?"

ती हे रागाने बोलली नाही. शर्ट घडी करून तिने बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ येऊन बसली. त्याला ऑर्गनवाल्याचा राग येत होता आणि त्याला भेटावंसंही वाटत होतं, आणि दोन्हीचा आता काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाला निघाल्यासारखी नीटनेटकी होऊन आली. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि मूळ फीत लावली. हेडफोन एकच होते. ते तिच्या कानांवर नीट बसवून बाई बाजूला झाल्या.

ठोक्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. ऑर्गन चालला असणार, लांबण. मग आठी गेली.

"हीच!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. कानात आवाज असल्यामुळे आपण ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. "हीच ती. डोकं उठवायची माझं. डोळा लागू द्यायची नाही. हे आमचेच!"

बाईंनी तिची सही घेतली. दोषांच्या रकान्यातले दोन शब्द खोडले आणि दुसऱ्या फळीच्या गठ्ठ्यातला तो खोका उचलून पहिल्या फळीच्या शेवटी ठेवला.

"आणि हे मोठं काय वाजतंय?" बायकोने विचारलं. "हे मागून, धडधडतंय ते?"

बाईंनी तिचा एक कान मोकळा केला. "तेही काकाच."

तिने ठोक्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो हाच का, असं बघितलं. त्याला तिच्याकडे बघवेना.

"झालं तुमचं काम, काकू," बाई म्हणाल्या. "बंद करू?"

"अजून आहे का पुढे?"

"बरंच आहे."

"मग असू दे," ती म्हणाली, आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरत तिने डोळे मिटले. ठोक्या तिची पर्स मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत बसून राहिला.