लाँगमुइरांची पावाची काथवट

लाँगमुइरांच्या घरात ती शंभरावर वर्षं पावाची काथवट म्हणून नांदली. लांबट, खोलगट, एकसंध लाकडात कोरलेली. आमच्याकडे, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींत, तिला कूलामन म्हणतात आणि तिच्यात पाव नाही, बाळ ठेवतात. पण लाँगमुइरांना कोण सांगणार? दर ख्रिसमसला तिला फर्निचरचं पॉलिश चोळायचं आणि वर गरम स्कोन मांडायचे, ही त्यांच्या घराण्याची रीत. खाणाऱ्यांच्या पोटांची कमालच म्हणायची.

व्हर्ना आंटीच्या आजीला तिच्या आईने याच कूलामनमध्ये निजवून नदीकाठाने फिरवलं होतं. पुढे आजी लाँगमुइरांच्याच स्वयंपाकघरात राबली. जिच्यात आपण निजलो, तीच रोज घासून फडताळात ठेवत राहिली. एकदा धीर करून तिने ती मागितली, तर पगाराऐवजी मिळणारं तिचं पीठ-साखर बंद झालं. मरेपर्यंत तिचं एकच पालुपद, "माझी आहे ती."

आता व्हर्ना आंटीची नात टाहलिया बाळंत झाली होती. मुलगी. हिला कूलामनमध्येच निजवायचं, असं आंटीने मनाशी पक्कं केलं आणि ती परत द्या, म्हणून लाँगमुइरांना निरोप धाडला. तशी गिलियन लाँगमुइर स्वतः केक घेऊन दारात हजर.

"आंटी, या रविवारी आमच्या घराण्याला इथे येऊन दीडशे वर्षं होतायत. मोठा सोहळा आहे. स्टेजवर ती काथवट तुम्हाला भेट देते. तुम्ही फक्त आभाराचे दोन शब्द बोला. पेपरवाले येणार आहेत."

"आणि नाही बोलले तर?"

"मग गावच्या संग्रहालयाला देईन. तसा ती तुमच्या आजीची असल्याचा पुरावा तरी काय आहे?"

"तुमची असल्याचा काय आहे?"

"शंभर वर्षं आमच्याकडे आहे ना!"

"चोरलेली मेंढी शंभर वर्षं कातरलीस, तर ती तुझी होते का गं?"

गिलियन लालबुंद झाली. "आमच्या घराने सांभाळलं तुमच्या आजीला," एवढं बोलून ती निघून गेली. केक मात्र राहिला.

"आजी, म्हणून टाक ना थँक यू," टाहलिया केक खात म्हणाली. "दोन शब्दांनी काय जीभ झिजते?"

"जीभ नाही झिजत. बाकीचं सगळं झिजतं."

पण आतून ती हलली होती. हट्टापायी कूलामन काचेच्या कपाटात गेली, तर या पोरीला काय तोंड दाखवायचं? आठवडाभर तिने ते दोन शब्द चहाबरोबर गिळायचा प्रयत्न केला. ते घशाखाली उतरेनात.

रविवारी लाँगमुइरांच्या हिरवळीवर तंबू पडले, मेंढीच्या चॉप्सचा धूर निघाला. गिलियन माइकवर गहिवरून बोलली, "आमच्या लाडक्या केटीच्या वंशजांना, आमच्या घराण्याची ही प्रेमाची भेट!" हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना माणसाला किती भरून येतं! तिने कूलामन पुढे केली, व्हर्ना आंटीने दुसरं टोक धरलं. पण गिलियनने आपलं टोक काही सोडलं नाही.

"आंटी, दोन शब्द."

"माझ्या आजीचं नाव केटी नव्हतं," व्हर्ना आंटी माइकमध्ये म्हणाली. "ते तुम्ही ठेवलंत. आणि आपलीच वस्तू आपल्याला मिळाली, म्हणून मी कुणाचे आभार मानत नाही."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. गिलियनच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही, पण ती दातांमधून पुटपुटली, "मग ही संग्रहालयातच जाईल." आणि तिने कूलामन आपल्याकडे ओढली.

"टाहलिया," आंटी म्हणाली, "आण तिला."

टाहलिया क्षणभर घुटमळली. मग तरातरा स्टेजवर चढली आणि दोघींच्या हातांमधल्या कूलामनमध्ये तिने बाळ ठेवलं. पोरीने एकदा पाय झाडले आणि जांभई दिली.

गिलियनला आता ओढता येईना आणि सोडताही येईना.

"ओढ ना," व्हर्ना आंटी म्हणाली. माइक चालूच होता. "आमची पोरं उचलणाऱ्या सरकारी माणसांनी माझ्या आईला लहानपणी तुमच्या या घराच्या व्हरांड्यातून नेलं. तेव्हा तुझी आजी त्यांना चहा ओतत होती. पोर काढून घ्यायची तुमच्या घराला सवयच आहे, गिलियन. हिलाही घे काढून. सगळे बघतायत."

टाहलियाने खालून हात लावला आणि गिलियनने हात सोडले.