ढोमणेचा चौथा भाग

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल. कुणाच्या माळ्यावर, जुन्या रजयांखाली, वायरी गुंडाळलेला चपटा काळा डबा दिसला तर तो माझा भाऊबंद समजा. मी एक जुना सीडी प्लेअर आहे, अकोल्याच्या जठारपेठेतल्या भगवंतरावांच्या घरचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती थेट भगवंतरावांच्या बैठकीत. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि पुढे हौसेने क्रोशाचा रुमाल विणून अंगावर घातला. त्यांची दहा वर्षांची रश्मी तर दिवसभर माझा ट्रे आतबाहेर करत बसायची. शेजारच्या मैनामावशी मला बघायला आल्या आणि म्हणाल्या, "आता टॉकीजात जायाचं कामच नाही वं कौशल्या!" तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्या आमच्याकडे हजर. माझा ट्रे अडला की मावशी अंबाड्यातली पिन काढायच्या, एका बाजूने हलकेच टोचायच्या आणि मी मुकाट्याने तोंड उघडायचो. घरात एवढी माणसं होती, पण माझी नाडी ओळखली ती त्यांनीच.

त्या काळी गुप्तहेर ढोमणेच्या विनोदी चित्रपटांनी लोकांना वेड लावलं होतं. एक भाग जुना होईपर्यंत दुसरा यायचा. ढोमणे भर उन्हाळ्यात रेनकोट घालायचा, लोकांच्या चपला हुंगायचा आणि प्रत्येक भागात आधी चुकीच्याच माणसाची गचांडी धरायचा. कधी माळी, कधी दूधवाला, कधी आचारी. चारचौघांत ओरडायचा, "चोर सापडला!" मग खरा चोर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचा आणि ढोमणे त्या आधीच्या बिचाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "गंमत केली हो!" की सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो म्हणा. माझी घरघर तेव्हा जरा वाढायची.

आमच्या घरी हे चित्रपट बघायची एक रीत होती. ढोमणे चोराचं नाव सांगायला तोंड उघडणार, तोच रश्मी मला थांबवायची. पडद्यावर ढोमणे आ वासून उभा, आणि इकडे प्रत्येकाने आपापला चोर सांगायचा. हरेल त्याने चहा करायचा. मैनामावशी कधी हरल्याच नाहीत. त्यांचा ठोकताळा ठरलेला होता. "ज्यानं वस्तूची लय तारीफ केली ना, थोच चोर असते," असं त्या म्हणायच्या. रश्मी दर वेळी हरायची, चहाचं आधण ठेवायला जायची आणि जाताना पाय आपटायची.

मग एका आठवड्यात कौशल्याबाईंची सोन्याची अंगठी हरवली. घर धुंडाळलं, गाद्या उलथ्या केल्या, पण अंगठी मिळाली नाही. पुढच्या रविवारी ढोमणेचा चौथा भाग लावला. मावशी नेहमीच्या जागी, दाराजवळच्या पाटावर बसलेल्या. ढोमणेने आ वासला, रश्मीने मला थांबवलं. "सांगा, चोर कोन हाय?" भगवंतरावांनी विचारलं.

रश्मी उठून उभी राहिली. ढोमणेसारखे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "पिक्चरमधला मले नाही माहीत, पन घरातला सापडला! मैनामावशीच म्हणत होत्या ना, 'कौशल्या, आंगठी तं लय झक्कास हाय वं'? ज्यानं तारीफ केली, थोच चोर!"

आणि मित्रांनो, सगळे हसले. भगवंतराव हसले, कौशल्याबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. असल्या प्रसंगी हसायचं, हे मीच तर त्यांना रविवारमागून रविवार शिकवलं होतं. पण हसू संपल्यावर "छे गं, काहीतरीच काय!" असं म्हणायला हवं होतं, ते कुणी म्हटलं नाही. कारण संशयाचा किडा एव्हाना कौशल्याबाईंच्याही मनात वळवळला होता. मैनामावशींनी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्या उठल्या, मोरीत जाऊन आपला कप स्वतः धुतला, ओट्यावर पालथा घातला आणि निघून गेल्या. त्या घरात त्यांनी याआधी कधी कप धुतला नव्हता. चौथा भाग तसाच थांबलेला राहिला.

आठवडा सरायच्या आत अंगठी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडली. पीठ मळायच्या वेळी कौशल्याबाईंनीच ती बोटातून काढली होती. भगवंतराव म्हणाले, "जाऊन सांग तिले. म्हणा, गंमत केली." कौशल्याबाई म्हणाल्या, "जातो उद्या." तो उद्या काही उगवला नाही.

पुढे पाचवा भाग आला, सहावा आला, पण ते सगळ्यांनी टीव्हीवरच पाहिले; माझ्या पोटातली चौथ्या भागाची सीडी कुणी काढली नाही, की थांबवायचा खेळ पुन्हा कुणी खेळला नाही. मावशींच्या नवऱ्याची अमरावतीला बदली झाली आणि शेजारच्या दाराला कुलूप लागलं. घरोघरी मोबाइल आले. माझ्या अंगावरचा रुमाल मिक्सरवर गेला आणि मी माळ्यावर. दिवाळीला साफसफाई करताना कुणीतरी मला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायचं, तेवढाच काय तो माझा प्रवास.

यंदा उन्हाळ्यात मात्र मला एकदम खाली काढलं. ढोमणेचा सातवा भाग येणार अशी बातमी होती. रश्मी आता अमरावतीला शिकवणी वर्गात शिकवते. ती सुट्टीत घरी आली होती, आणि नवा भाग येण्याआधी जुने सगळे पुन्हा बघायचे असं तिने ठरवलं होतं. बाकीचे तिला मोबाइलवर मिळाले, चौथा तेवढा कुठेच मिळेना. तो माझ्याच पोटात होता!

कूलरसमोर मायलेकी बसल्या. रश्मी आधी खुशीत होती. पण ढोमणेने आचाऱ्याची गचांडी धरली आणि तिचं हसू मावळलं. लहानपणी ती ढोमणेकडे बघायची. आता ती आचाऱ्याकडे बघत होती. तो खांद्यावरचा फडका काढून नीट घडी करत राहतो. तिने मला थांबवलं.

"काहून थांबोलं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"आई, आंगठी सापडल्यावर तू मैनामावशीले सांगतलं होतं ना?"

कौशल्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "सांगनारच होती. मंग त्याईची बदली झाली."

"बदली तं दोन वर्सानं झाली, आई."

"लाज वाटे वं मले," कौशल्याबाई खाली मान घालून म्हणाल्या. "पयल्या दिवशी थोडी वाटे. जसजसे दिवस गेले, तसतशी जास्तच वाटाले लागली. मंग तं रस्त्यात दिसली तरी मी गल्ली बदलो."

रश्मीने टीव्ही बंद केला. बोट तर तिनेच रोखलं होतं. आणि ती इतकी वर्षं मावशींच्याच गावात राहत होती! दुसऱ्या दिवशी तिने मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं आणि अमरावतीची एसटी धरली.

राजापेठेकडे विचारत विचारत एका गल्लीत तिने दार वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईंचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. "रश्मी नं वं तू? भगवंतरावची?"

रश्मी वाटभर माफीची वाक्यं घोकत आली होती. मी पिशवीतून सगळी ऐकली होती. ऐन वेळी तिच्या तोंडून निघालं भलतंच. "मावशी, थो चौथा भाग... तुमचा पाहाचा राहला होता." आणि माफी मागायची सोडून ती माझ्या वायरी टीव्हीला जोडत बसली!

मी तरी काय कमी? माझा ट्रे नेमका तेव्हाच अडला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, न बोलता अंबाड्यातली पिन काढली आणि बाजूने हलकेच टोचली. मी तोंड उघडलं. त्या हाताची मला किती वर्षांनी ओळख पटली म्हणून सांगू!

चौथा भाग अखेर शेवटापर्यंत चालला. खरा चोर धडपडला, ढोमणेने आचाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "गंमत केली हो!" दोघींपैकी कुणी हसलं नाही.

"थांबव," मावशी म्हणाल्या. "थो ढोमणे आता त्याची माफी मांगते का?"

"नाही, मावशी. इथंच संपते पिक्चर."

"मंग तू काहून आली?"

रश्मीच्या डोळ्यांना धार लागली. "आंगठी पिठाच्या डब्यात सापडली होती, मावशी. त्याच आठवड्यात. आमी सांगाले नाही आलो. मी तुमाले चोर म्हटलं. मी चुकली."

मावशींनी पिन परत अंबाड्यात खोचली. मग म्हणाल्या, "तू तं लेकरू होती. तुयं बोलनं मी कवाच इसरली. पन तुयी माय हासली ना, थे अजून आयकू येते मले." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तिले म्हणा, सातवा भाग लागला का ये. टॉकीजात जाऊ. पन आधी ह्या घरी ये म्हणा, अन् तिच्या तोंडानं सांग म्हणा."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण एक ऐका. हरवलेली वस्तू सापडली, की ती कपाटात ठेवण्याआधी ज्याच्यावर बोट दाखवलं होतं त्याच्या दारात जा. त्याच दिवशी जा. उद्यावर टाकलंत तर पाऊल रोज जड होत जातं.

चहा झाला. रश्मी डोळे पुसत आपला कप घेऊन मोरीकडे निघाली, तशी मावशींनी मागून हाक मारली.

"ठेव थो कप. धुवू नको. कप धुऊन गेलेलं मानूस मंग परत येत नाही."

रश्मीने कप तसाच खाली ठेवला.